चेंडू हाताला लागतो तेव्हा

टेबल टेनिस खेळणारी मुले सराव संपल्यावर बॅट पुसता पुसता जे बोलतात, त्यात एक तक्रार हमखास असते : "आज बॉल हाताला लागतच नाहीये." चेंडू बॅटवर येत असतो, टेबलावर पडत असतो, अधूनमधून गुणही मिळत असतो, तरी खेळाडू अस्वस्थ असतो. प्रशिक्षक अशा वेळी पायांची हालचाल पाहतात, खांदा उघडतो आहे का ते बघतात, रबर जुने झाले असेल म्हणून त्यावर अंगठा फिरवतात. हे सगळे बरोबरच आहे. पण मुलगा जे सांगतो आहे ते अक्षरशः खरे असू शकते, हा विचार फारसा कोणी करत नाही. चेंडू आदळला की बॅट थरथरते. ती थरथर मुठीतून बोटांत उतरते आणि बोटे ती ओळखतात. या ओळखण्यात कमीजास्त झाले, तर चेंडू खरोखरच हाताला लागत नाही.

या पुस्तिकेचा विषय ही थरथर आहे : कंपन, आणि त्याचा टेबल टेनिस खेळाडूंच्या कारक कौशल्यांवर होणारा परिणाम. ती नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, प्रशिक्षक, बी. पी. एड.-एम. पी. एड.चे विद्यार्थी आणि स्वतः खेळाडू यांच्यासाठी आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या आजच्या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. तेव्हापासून या भागातल्या खेळाडूंवर अभ्यास करायला पुण्या-मुंबईकडे पाहण्याची गरज उरलेली नाही. गरज आहे ती प्रश्न नीट विचारण्याची.

कंपनाबाबत आपल्याकडे विचारला जातो तो प्रश्न बहुधा यंत्राचा असतो. शहरातल्या व्यायामशाळेत कंपन देणारा फलाट येतो, कुणाच्या किटमध्ये मसाज गन दिसते, आणि लगेच विचारणा होते : "सर, याने खेळ सुधारतो का?" मला वाटते, हा प्रश्न नंतरचा आहे आणि आपण तो पहिला विचारतो. खेळाडूसाठी कंपन ही आधी माहिती आहे. ती माहिती हात कसा वाचतो हे कळल्याशिवाय कंपनाचा व्यायाम करून घेण्यात अर्थ नाही, आणि अतिरेकी कंपनाने हात बधिर होतो हे विसरून तर मुळीच नाही. या प्रस्तावनेत मी हाच क्रम धरला आहे.

एक गोष्ट मात्र आधी सांगावीशी वाटते. लातूर-धाराशिवच्या माणसाला कंपन म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. आपला विषय त्याच्याशी जोडलेला नाही. पण या मातीत हा शब्द लिहिताना ते दुःख ठाऊक असल्याची नोंद करून पुढे जावे, एवढेच.

आता बॅटकडे वळू. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा आणि २.७ ग्रॅम वजनाचा; बॅट त्याच्या साठ-सत्तर पट जड. एवढा हलका चेंडू बॅटला काय हलवणार, असे वाटते. पण टक्कर इतकी आखूड असते, साधारण एक सहस्रांश सेकंदाची, की ब्लेडचे लाकूड त्या टोल्याने वाकते, परत येते आणि काही क्षण थरथरत राहते. नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो. उरलेल्या भागात कार्बन किंवा तत्सम धाग्यांचे पातळ थर घालता येतात. पाच थरांचे नुसत्या लाकडाचे ब्लेड आणि कार्बनचे ब्लेड हातात वेगळे बोलतात ते यामुळेच : कडक ब्लेडची थरथर जलद असते, मऊ ब्लेडची संथ. वरचा स्पंज आणि रबर त्यातली बरीचशी गिळून टाकतात. मोठ्या खेळाडूची बॅट पाहून तसेच महागडे कार्बन ब्लेड मागवणाऱ्या नवशिक्या मुलांच्या पालकांना मी नेहमी सांगतो की, पहिली दोन-तीन वर्षे साधे लाकडी ब्लेडच द्या. ते वेगाने कमी असेल, पण चेंडू कुठे आणि कसा लागला हे हाताला स्पष्ट सांगेल.

कुठे लागला हेही कंपनातून कळते. वाकून थरथरणाऱ्या कोणत्याही फळीवर काही जागा जवळजवळ स्थिर राहतात. चेंडू त्या जागेवर लागला तर मुठीत धक्का येत नाही, फटका गोड लागतो. खेळाडू त्याला स्वीट स्पॉट म्हणतात. कडेला लागला की बॅट मुठीत वळते आणि कंपन खरखरीत येते. कुंभाराकडे मडके घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून ते पक्के भाजले आहे की नाही हे आपण ओळखतो. आवाज आणि बोटाला येणारा ठोका यांवरून आतली गोष्ट कळते. खेळाडूची बोटे दर फटक्याला हेच करत असतात, फक्त त्यांना क्षणाचाच अवधी मिळतो.

ही ओळख करणारी यंत्रणा त्वचेत आहे. बोटांच्या टोकांत आणि तळव्यात कंपन टिपणारे दोन प्रकारचे ग्राहक असतात. मेस्नरच्या कणिका संथ फडफड टिपतात, साधारण १० ते ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा होणारी. खोलवर बसलेल्या पॅसिनीच्या कणिका २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक जाग्या असतात आणि तिथे त्यांना एका मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी, हालचाल कळते. मूठ घट्ट आवळली की बॅटचे थरथरणे हातच दाबून टाकतो आणि बारीक फरक हरवतात. "मूठ सैल ठेव, फटक्याच्या क्षणी पकड" असे जुने प्रशिक्षक सांगत आले. त्यांनी कणिकांची नावे ऐकली नसतील, पण सल्ला अचूक होता.

इथे एक नीट समजून घ्यायला हवे, कारण बरेच गैरसमज याच ठिकाणी होतात. चेंडू बॅटवर असतो एक सहस्रांश सेकंद. हातावरचा स्पर्श मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचायला सुमारे वीस सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला वीस मीटर वेगाने निघालेला चेंडू चाळीस सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे लागलेल्या फटक्याची दुरुस्ती त्याच फटक्याच्या कंपनावरून करणे कोणालाही शक्य नाही. मग कंपनाचा उपयोग काय? उपयोग पुढच्या फटक्याला आहे. मेंदूने फटका मारण्याआधी एक अंदाज बांधलेला असतो : चेंडू इथे लागेल, असा ठोका येईल. प्रत्यक्ष आलेला ठोका या अंदाजाशी ताडून पाहिला जातो आणि फरक असेल तर पुढचा हिशेब बदलतो. हजारो फटक्यांनंतर हा हिशेब थक्क करणारा बारीक होतो. बूट्स्मा आणि व्हान विरिंगेन या डच संशोधकांनी १९९० साली कसलेल्या खेळाडूंचा फोरहँड ड्राइव्ह मोजला, तेव्हा फटक्याच्या क्षणाची त्यांची अचूकता २ ते ५ सहस्रांश सेकंदांची निघाली. हात मागे नेताना त्यांच्या हालचालीत फटक्यागणिक बराच फरक पडत होता, पण चेंडूला भिडण्याच्या क्षणी तो आक्रसून अगदी थोडा उरत होता. ही अचूकता कोणी जन्मतः घेऊन येत नाही. ती डोळा, कान आणि हाताला येणारा ठोका यांच्या सततच्या ताळमेळातून घडते.

हा ताळमेळ मोडला तर काय होते, याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्याच राज्यात घडले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईत जागतिक टेबल टेनिस अजिंक्यपद स्पर्धा झाली. आशियात भरलेली ती पहिलीच. तोवर जवळजवळ सगळे खेळाडू लाकडावर थेट चिकटवलेले पिंपल रबर वापरत. प्रत्येक फटक्याचा टणक, मोकळा आवाज यायचा आणि त्या आवाजावरून, ठोक्यावरून चेंडू किती जोरात निघाला हे समोरच्याला कळायचे. जपानचा हिरोजी सातोह जाड स्पंजची बॅट घेऊन आला. स्पंजने कंपन गिळले आणि त्याबरोबर आवाजही. समोरच्या युरोपीय खेळाडूंना चेंडू दिसत होता, पण वर्षानुवर्षे कानांनी घेतलेली वेळ चुकू लागली. सातोहने अंतिम फेरीत हंगेरीच्या योझेफ कोच्यानला हरवून पुरुष एकेरीचे विजेतेपद घेतले. पुढे इतका गदारोळ झाला की १९५९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने रबर आणि स्पंज मिळून चार मिलिमीटरची मर्यादा घातली. आज नांदेडच्या एखाद्या मुलाच्या बॅटवर जे रबर आहे, त्याची जाडी मुंबईतल्या त्या स्पर्धेनंतर उठलेल्या वादातून ठरलेली आहे. इतिहास म्हणून हे रंजक आहेच. पण प्रशिक्षकाने त्यातून घ्यायचे ते असे : एका बॅटने आलेला कंपनातला बदल जगातल्या उत्तम खेळाडूंचे कारक कौशल्य काही सामन्यांपुरते विस्कटू शकला.

रबर बदलल्यावर, ब्लेड बदलल्यावर, २०१४ नंतर सेल्युलॉइडऐवजी प्लास्टिकचा चेंडू आल्यावर खेळाडूंना जी अडचण झाली, तिचा एक भाग हाच होता. म्हणून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आठवड्यात नवे रबर चिकटवणे मला मान्य नाही. हाताला नव्या ठोक्याची भाषा शिकायला वेळ द्यावा लागतो.

त्वचेच्या खाली, स्नायूंच्या आत आणखी एक संवेदक आहे आणि कंपनाच्या व्यायामाची सगळी कहाणी त्याच्याभोवती फिरते. स्नायूंच्या धाग्यांत स्पिंडल नावाच्या सूक्ष्म चात्या असतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला गेला हे त्या सांगतात; डोळे मिटूनही आपला कोपर कुठे आहे हे आपल्याला कळते ते मुख्यतः त्यांच्यामुळे. स्नायूच्या कंडरेवर बाहेरून कंपन दिले की स्पिंडलला वाटते, स्नायू पुन्हा पुन्हा ताणला जातो आहे, आणि प्रतिक्षिप्त क्रियेने स्नायू आपोआप आकुंचन पावू लागतो. एकलुंड आणि हागबार्थ या स्वीडिश संशोधकांनी १९६६ मध्ये हा प्रतिसाद नीट वर्णन केला. पुढे १९७२ मध्ये गुडविन, मॅक्क्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी दाखवलेली गोष्ट खेळाडूंच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. दंडाच्या बायसेप्सच्या कंडरेवर सेकंदाला सुमारे शंभर वेळा कंपन दिले आणि डोळे झाकले, तर माणसाला आपला कोपर उलगडतो आहे असा भास होतो. प्रत्यक्षात तो उलगडत नसतो. कंपनाने मेंदूला हाताची जागाच खोटी सांगितली.

हे वाचल्यावर सामन्याच्या पाच मिनिटे आधी मनगटाजवळ आणि कोपराजवळ मसाज गन फिरवणाऱ्या खेळाडूला काय सांगायचे, हे प्रशिक्षकाच्या लक्षात येईल. मांडीला, पोटरीला वापरा, हरकत नाही. ज्या हाताने बारीक काम करायचे आहे, त्याच्या कंडरांवर खेळायच्या तोंडाशी कंपन नको. हा माझा निष्कर्ष वरच्या प्रयोगांवरून काढलेला आहे. टेबलावर तो तपासून पाहण्याजोगा आहे आणि कुणीतरी तपासावा.

आता फलाटाकडे येऊ. कंपनाने शरीर सुधारते ही कल्पना जुनी आहे. पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांना त्यांच्या कंपवाताच्या रुग्णांनी सांगितले की, लांबच्या आगगाडीच्या प्रवासानंतर बरे वाटते. त्यावरून १८९२ च्या सुमारास त्यांनी थरथरणारी खुर्चीच तयार करवली. नंतर सोव्हिएत प्रशिक्षकांनी खेळाडूंवर कंपन वापरले, संशोधक इस्सुरिन यांनी १९९४ मध्ये त्याने लवचीकता वाढल्याचे नोंदवले, आणि १९९९ च्या आसपास इटालियन शास्त्रज्ञ कार्मेलो बॉस्को यांनी व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींच्या पायांवर आणि मुष्टियोद्ध्यांच्या दंडांवर केलेल्या प्रयोगांनी हा विषय जगभर पोहोचवला. काही मिनिटांच्या कंपनानंतर लगेच मोजल्यास स्नायूंची शक्ती वाढलेली दिसत होती.

यानंतरचा महत्त्वाचा अभ्यास बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाचा, २००३ चा. डेलेक्लूज आणि सहकाऱ्यांनी व्यायामाची सवय नसलेल्या ६७ तरुणींवर बारा आठवडे प्रयोग केला. कंपन घेणाऱ्या गटाच्या गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची स्थिर ताकद १६.६ टक्क्यांनी वाढली, उभ्या उडीत ७.६ टक्के वाढ दिसली. यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा एक गट : या मुली त्याच फलाटावर, त्याच मुद्रांमध्ये उभ्या राहत, पण फलाट इतका नाममात्र हलायचा की उपयोग होणार नाही. त्यांच्यात तशी वाढ झाली नाही. म्हणजे वाढ केवळ फलाटावर बैठका मारल्याने किंवा आपल्यावर प्रयोग चालला आहे या उत्साहाने झालेली नव्हती. मात्र याच संशोधकांनी २००५ मध्ये आधीपासून वेगधावेचा सराव करणाऱ्या खेळाडूंना पाच आठवडे नेहमीच्या सरावाबरोबर कंपन दिले, तेव्हा ताकदीत किंवा धावण्यात काही जादा लाभ आढळला नाही.

या दोन अभ्यासांतला फरक आपल्या जिल्ह्यांसाठी फार बोलका आहे. ज्यांनी ताकदीचा व्यायाम केलेलाच नाही, त्यांना कंपनाने फायदा होतो. ज्यांनी केला आहे, त्यांना फारसा नाही. आपल्या महाविद्यालयांतली बहुतेक मुले-मुली पहिल्या प्रकारात मोडतात. कॉलेजचा तास, शिकवणी, घरचे काम यांतून वेळ काढून ती टेबलावर येतात आणि थेट खेळायला लागतात. त्यांना फलाटावर उभे केले तर उडी वाढेल, पाय चपळ झाल्यासारखे वाटतील. पण साध्या बैठका, लंज, दोरीवरच्या उड्या यांनीही ते होईल. ल्यूव्हेनच्याच अभ्यासात वजनांचा व्यायाम करणाऱ्या गटाची ताकद कंपनवाल्या गटाइतकीच वाढली होती. फलाटाची किंमत पाहता, तेवढ्या पैशांत एखाद्या महाविद्यालयाला चांगले टेबल, नेट आणि भरपूर चेंडू घेता येतील. मी आधी ते घेईन.

फलाट असेलच तर त्याचे गणित शिक्षकाने स्वतः करावे, विक्रेत्याच्या पत्रकावर सोडू नये. कंपनाच्या दोन गोष्टी मोजायच्या : वारंवारता आणि आयाम. फलाट सेकंदाला ३० वेळा आणि मधल्या स्थितीपासून २ मिलिमीटर वर-खाली हलत असेल, तर त्याचे कमाल त्वरण सुमारे ७१ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सातपटीहून थोडे जास्त. वारंवारता दुप्पट केली की त्वरण चौपट होते. बटण एक घर पुढे सरकवणे दिसते तितके किरकोळ नसते. गुडघे ताठ ठेवून उभे राहिले तर हे हादरे कण्यातून थेट डोक्यापर्यंत जातात. गुडघे थोडे वाकवले की मांड्या-पोटऱ्या ते सोसतात. गरोदरपण, नुकताच झालेला अस्थिभंग, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास, पित्ताशयातले किंवा मूत्रपिंडातले खडे यांपैकी काही असल्यास फलाटावर पाऊलच ठेवू नये. शाळकरी मुलांना तर मी ठेवू देणार नाही.

अतिरेकी कंपनाने हात बिघडतो, हे वैद्यकाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे चुनखडी फोडणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडतात आणि बधिर होतात, हे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये नोंदवले. कारण होते हातातली हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे. आज युरोपीय महासंघाच्या नियमात हातावरच्या कंपनासाठी आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही सावधगिरीची आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. टेबल टेनिसच्या बॅटने असा आजार होत नाही, २.७ ग्रॅमच्या चेंडूचे ठोके त्या मानाने फारच सौम्य असतात. खेळाडूंचे खांदे आणि मनगटे दुखतात ती मुख्यतः एकाच हालचालीच्या अतिरेकाने.

पण आपला खेळाडू फक्त खेळत नसतो. तो लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकत मोटारसायकलवर नांदेडहून लातूरला सामन्याला येतो. सुट्टीत शेतावर ट्रॅक्टर चालवतो. काहींच्या घरी वेल्डिंगचे, ग्राइंडरचे दुकान असते आणि संध्याकाळी तिथेही हात लागतो. मोटारसायकलचा मुठीतून येणारा थरकाप तास-दोन तास घेतल्यावर बोटांची कंपन ओळखण्याची क्षमता तात्पुरती घटते. विश्रांतीनंतर ती हळूहळू परत येते. शिवाय थरथरणारी मूठ धरताना माणूस नकळत पकड घट्ट करतो आणि पुढचा बाहू आखडतो. ट्रॅक्टरच्या आसनाचे हादरे वेगळे, संथ असतात, सेकंदाला दोन ते सहा. बसलेल्या माणसाचे धड नेमके चार ते सहा हर्ट्झला सर्वांत जास्त हलते, म्हणून कंबर धरते. सकाळी गाडीवरून उतरून लगेच पहिला सामना खेळणाऱ्या मुलाची सर्व्हिस उंच जाते, पुश लांब पडतो, तेव्हा त्याला "नर्व्हस झालास" असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. शक्य असेल तर एसटीने या, वेळेआधी या, हात गरम पाण्याने शेका, बोटे मोकळी करा, मग बॅट धरा. यासाठी अनुदान लागत नाही.

जमिनीचेही तसेच. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे स्पर्धेच्या सभागृहाची जमीन विटांची, सिमेंटची, फरशीची किंवा दगडाची नसावी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शहाबादी फरशी किंवा टाइल्स आहेत. पाऊल आपटले की हादरा पायातून वर चढतो. स्नायू पाय टेकण्याआधीच ताणून तो हादरा जिरवायची तयारी करतात, असे कॅल्गरीचे संशोधक बेनो निग यांचे म्हणणे आहे. कडक जमिनीवर हे काम वाढते आणि पाय लवकर थकतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंना रबरी मॅट टाकली तरी फरक पडेल. ती सरकणार नाही एवढे पाहावे.

आता संशोधक विद्यार्थ्यांसाठी. आपल्या भागातल्या प्रबंधांमध्ये बऱ्याचदा असे होते : विषय टेबल टेनिस खेळाडूंचा असतो, पण मोजमाप शटल रन, उभी लांब उडी आणि बैठकांचे. ही कारक क्षमता झाली, कौशल्य नव्हे. कंपनाने उडी दोन सेंटिमीटर वाढली म्हणजे बॅकहँड सुधारला, असे म्हणता येत नाही. कौशल्य टेबलावरच मोजावे लागेल. मॉट आणि लॉकहार्ट यांची १९४६ ची चाचणी त्यासाठी सोपी आहे : टेबलाचा एक अर्धा भाग उभा करायचा, त्यावर नेटच्या उंचीची रेघ ओढायची आणि तीस सेकंदांत रेघेच्या वर किती वेळा चेंडू मारून परत घेता येतो ते मोजायचे. त्याच्या जोडीला नेल्सनची पट्टी पकडण्याची प्रतिक्रिया-चाचणी घ्यावी. सोडलेली पट्टी २० सेंटिमीटरवर पकडली तर प्रतिक्रियेला सुमारे ०.२०२ सेकंद लागले, १५ वर पकडली तर ०.१७५. आणि एक चाचणी मी आवर्जून सुचवतो : मल्टिबॉल देऊन खेळाडूला ठरावीक चौकोनात टॉपस्पिन मारायला सांगायचे आणि, फटका लागल्यावर बॅट दिसू नये म्हणून पडदा धरून, चेंडू बॅटच्या मध्यावर लागला की कडेला, हे त्याला केवळ हाताच्या जाणिवेवरून सांगायला लावायचे. बॅटवर खडूची पूड असेल तर त्याचे उत्तर लगेच ताडता येते.

गट पाडताना घाई करू नये. एक गट कंपनाचा, एक तेवढाच व्यायाम कंपनाशिवाय करणारा, आणि जमल्यास ल्यूव्हेनसारखा नाममात्र कंपनाचा. मॉट-लॉकहार्टचा आकडा केवळ चाचणी पुन्हा पुन्हा दिल्यानेही वाढतो. तुलनेचा गट नसेल तर त्या वाढीचे श्रेय यंत्राला दिले जाते. फलाटावरून उतरल्या उतरल्या घेतलेले मोजमाप आणि आठवड्यानंतर घेतलेले मोजमाप वेगळे ठेवावे : पहिले तात्पुरत्या उत्तेजनाचे आहे, दुसरे शिकण्याचे. मुली आणि मुले दोन्ही घ्यावीत. खेळाडू थोडे मिळतील, म्हणून नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन एकाच पद्धतीने मोजावे, म्हणजे दोन लहान अभ्यासांऐवजी एक भरवशाचा होईल. चाचणी घेणाऱ्याला कोणता खेळाडू कोणत्या गटातला हे माहीत नसावे.

निष्कर्ष नकारार्थी आला तर तो दडवू नये. कंपनाने टेबल टेनिसमध्ये काही फरक पडत नाही, असे नीट मोजून सांगणारा प्रबंध माझ्या दृष्टीने गोलमोल "सार्थ वाढ" दाखवणाऱ्या दहा प्रबंधांहून मोठा आहे. त्यावरून एखाद्या गरीब महाविद्यालयाचे पैसे वाचतील आणि मुलांच्या हाती चेंडू जास्त येतील.

पुढच्या प्रकरणांमध्ये या चाचण्या कशा घ्यायच्या, तक्ते कसे भरायचे आणि सरावात हाताची जाण कशी वाढवायची, ते सविस्तर दिले आहे. प्रशिक्षकांना विनंती आहे की, वाचून झाल्यावर पुस्तिका कपाटात ठेवू नये. टेबल, चेंडू, खडू आणि पट्टी एवढे साहित्य दोन्ही जिल्ह्यांतल्या बहुतेक महाविद्यालयांत आहे. या हंगामाचे आंतरमहाविद्यालयीन सामने सुरू होण्याआधी आपल्या संघाची एकदा चाचणी घ्या, आकडे तारखेसह लिहून ठेवा, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या प्रशिक्षकाला दाखवा.